खुंटी हलत नाही

टेपला दोन टोकं असतात. एका टोकाला आकडा वाचणारा असतो, दुसऱ्या टोकाला शून्य धरणारा. आकडा वाचणाऱ्याला साहेब म्हणतात. त्याला छत्री मिळते, घडीची खुर्ची मिळते, नोंदवहीत सही करायला मिळते. शून्य धरणाऱ्याला उकिडवं बसायला मिळतं. उतार व निचरा विभागात गेली एकोणतीस वर्षं हे दुसरं टोक एकाच माणसाच्या अंगठ्याखाली होतं, म्हणून अख्खा विभाग त्यांना शून्यकाका म्हणायचा. पगारपत्रकात त्यांचं खरं नाव असणार, पण ते वाचून कोणी हाक मारली असती तर काकांनी मागे वळूनही पाहिलं नसतं.

या नोकरीत ते आले तेही गमतीनंच. तरुणपणी विभागात पिंपं रंगवायला म्हणून तीन दिवसांसाठी गेले होते. टेप धरणारा त्या दिवशी आला नव्हता. कोणीतरी पितळी कडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालं, "हे जरा धर." काकांनी धरलं. सोड म्हणून सांगायला पुढे कोणी आलंच नाही.

काम सोपं वाटतं, पण नाही. डोंगरउतारावर ठिकठिकाणी विभागाच्या लोखंडी खुंट्या ठोकलेल्या असतात, डोक्याला लाल रंग, पोटावर नंबर. टेपची कडी त्या खुंटीच्या डोक्यावर बरोबर टेकवायची, अंगठ्यानं दाबायची, आणि खणखणीत आवाजात ओरडायचं, "शून्य!" मग पलीकडून साहेब आकडा ओरडणार. एकोणतीस वर्षांत काकांचं शून्य केसभरही इकडचं तिकडे झालं नव्हतं. एका बंगलेवाल्यानं एकदा लाडीगोडी लावून पाहिली होती, "काका, अंगठा जरा अलीकडे घ्या की." काका टेप तिथंच टाकून घरी निघून गेले आणि दोन दिवस तापानं फणफणले. काकू म्हणायच्या, "घरात साखर कुठं ठेवलीय ते माहीत नाही या माणसाला, पण शून्य कुठं आहे ते झोपेतही सांगतील."

त्यांच्या हद्दीत एक शाळा होती. टेकडीच्या पायथ्याशी, बैठी, एका ओळीत सात खोल्या. शाळेच्या पाठीशी उतार, उताराच्या माथ्यावर रस्ता. चार वर्षांपूर्वी तो रस्ता उंच केला, तेव्हा त्याचा कल चुकून शाळेच्या बाजूला राहिला. तेव्हापासून वरच्या वस्तीतलं सगळं पावसाचं पाणी रस्त्यावरून घरंगळत थेट या उतारावर यायचं. पहिल्या वर्षी उतारावर बोटभर घळ पडली. दुसऱ्या वर्षी त्यात हात गेला. आता तर त्यात माणूस उभा राहिला असता, आणि वरच्या झाडांची मुळं उघडी पडून लोंबत होती. उपाय काय, हे शाळेच्या फाटकावर चणे विकणाऱ्यालाही ठाऊक होतं: वर एक पावसाळी गटार खणायचं, पाणी आडवं धरायचं आणि बाजूच्या ओढ्यात सोडून द्यायचं. गटार मंजूरही होतं. अट एकच होती. ते सतरा नंबरच्या खुंटीवरून जायचं होतं, आणि गटारापासून शाळा किमान चाळीस फूट लांब हवी होती.

खुंटी ठोकली त्या दिवशी अंतर बरोबर चाळीस फूट होतं. पुढच्या मोजणीला अडतीस भरलं. मग साडेछत्तीस. या वर्षी तेहतीस.

काका खुंटीपाशी बसायचे, त्यामुळे त्यांना यात काही गूढ वाटलं नाही. खुंटी ज्या मातीत उभी होती ती मातीच खाली चालली होती. पूर्वी खुंटीच्या डाव्या हाताला एक मोठा काळा खडक होता. आता तो खडक पाठीमागे वर राहिला होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. काकांनी धीर केला.

"साहेब, खुंटी जरा खाली आल्यासारखी वाटते."

मोजणीसाहेब तरुण होते, सरळ होते, आणि नियमपुस्तिका दप्तरात नव्हे तर शर्टाच्या खिशात बाळगत. त्यांनी ती काढली.

"काका, कलम चार वाचा. 'विभागाची खुंटी हलत नाही.' चार शब्द आहेत. यात 'जरा' कुठं आहे?"

"नाही, साहेब."

"मग विचार करा. अंतर कमी झालंय, हे खरं. अंतराला दोन बाजू. एक खुंटी, एक शाळा. खुंटी हलत नाही."

दोघांनीही वळून शाळेकडे पाहिलं. आतून बेचा पाढा ऐकू येत होता. साहेबांनी नोंदवहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि टेप गुंडाळायला सांगितला.

आठवड्याभरात शाळेला नोटीस गेली. "आपली शाळा गेल्या चार वर्षांत विनापरवानगी सात फूट उत्तरेस, टेकडीकडे, सरकल्याचे आढळून आले आहे. तरी तिने तीस दिवसांच्या आत मूळ जागी परत जावे. तोपर्यंत गटाराच्या कामास परवानगी देता येत नाही."

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी ती नोटीस उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, आणि मग नोटीस घेऊन आलेल्या शून्यकाकांवरच तोफ डागली. "माझ्या वर्गातलं पोरगं जागेवरून उठलं तरी मला कळतं! आख्खी शाळा उठून चालायला लागेल आणि मला पत्ता लागणार नाही?"

काका म्हणाले, "बाई, शाळा नाही हलली. टेकडी येतेय."

"मग असं लिहा ना नोटिशीत!"

"मी लिहीत नाही, बाई. मी शून्य धरतो."

बाई खमक्या होत्या. त्यांनी शाळेच्या चहूबाजूंनी चुन्याची रेघ मारून घेतली, पंधरा दिवस रोज सकाळी तपासली, आणि विभागाला दाखला पाठवला की शाळा रेघेच्या आतच आहे, एक बोटही बाहेर गेलेली नाही. विभागाचं उत्तर लगेच आलं. रेघ शाळेला लागून मारलेली असल्यानं शाळेबरोबर तीही सरकली असणार, सबब हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही.

हे वाचून मात्र बाई गप्प झाल्या. माणसाला एकच गोष्ट शिक्क्यासकट दोन वेळा सांगितली की त्याच्या मनात पाल चुकचुकायला लागते. त्यांना आठवलं की त्यांच्या टेबलाचा खण हल्ली आपोआप उघडतो. व्हरांड्यात चेंडू ठेवला तर घरंगळतो. दुपारी एकट्या बसल्या असताना त्यांना आपण कुठंतरी निघालो आहोत असं वाटायला लागलं. आधी त्यांनी खेळाचा तास बंद केला, कारण उड्या मारून शाळेला धक्का बसत असेल. मग सगळी जड कपाटं दक्षिणेच्या भिंतीला लावली, म्हणजे वजनानं शाळा मागे ओढली जाईल. आणि तिसरा उपाय त्यांनी असा काढला की ऐकणाऱ्यानं कपाळावर हात मारावा. रोज सकाळी हजेरी झाली की सगळी मुलं शाळेच्या मागं, उताराच्या बाजूला रांगेत उभी राहायची आणि दहा मिनिटं भिंत ढकलायची. पुढे सातवीची, त्यांच्या पाठीला सहावीची, आणि सगळ्यांत मागे, उताराला पाठ लावून, बालवर्गाची एकतीस मुलं.

त्या एकतिसांत काकांची नात होती.

काकांना हे कळलं ते घरात. संध्याकाळी ते हातपाय धुऊन आले तर नात स्वयंपाकघराच्या भिंतीला दोन्ही तळहात टेकून, जीभ बाहेर काढून उभी.

"काय करतेस गं?"

"ढकलतेय. आजोबा, आज आम्ही शाळा ढकलली!"

"किती सरकली?"

"बाई म्हणाल्या, थोडी. उद्या अजून सरकेल. मला मागून माती लागली, बघा." तिनं पाठ फिरवली. गणवेशावर मानेपासून कमरेपर्यंत ओली लाल माती होती.

काकांनी त्या दिवशी ताटाला हात लावला नाही. काकूंनी ताट सरकवलं, पाणी सरकवलं, शेवटी स्वतःच समोर येऊन बसल्या. "अहो, बोला तरी. कोणी काही म्हणालं का?"

काकांनी सांगितलं. लोंबणारी मुळं, घळ, मागे राहिलेला काळा खडक, आणि त्याच्याखाली रोज दहा मिनिटं उभी राहणारी मुलं. वर्गात जाऊन बसली तरी बालवर्गाची खोली सगळ्यांत मागची, खिडकी टेकडीकडे.

"मग सांगा ना साहेबांना."

"सांगितलं."

"बाईंना?"

"त्यांनाही सांगितलं. त्यांच्याकडे शिक्क्याचा कागद आहे, माझ्याकडे तोंड आहे नुसतं."

नातीला घरी ठेवता आलं असतं. दोन दिवस ठेवलीही. पोटात दुखतंय असा निरोप धाडला. पण तिसऱ्या दिवशी काका कामावर जाताना शाळेच्या मागून गेले, आणि त्यांनी ती रांग पाहिली. कोणाच्या नाकाला शेंबूड, कोणाची चप्पल उलटी, आणि सगळी मुलं "हय्या हो" करत भिंतीला जोर लावताहेत. वरून खडा सुटला आणि टणटण उड्या मारत एका मुलाच्या पायाशी येऊन थांबला. मुलानं तो उचलून खिशात टाकला. काकांनी वर पाहिलं. आपली एक नात उचलून घरी आणली म्हणून उरलेली तीस काही दगडाची होत नाहीत.

नोटीस गेल्यापासून विभाग दर आठ दिवसांनी मोजत होता आणि तेहतीसच भरत होतं; पुढच्या मोजणीचा दिवस भुरभुर पावसाचा होता. साहेब शाळेच्या मागच्या भिंतीपाशी छत्री धरून उभे होते. काका टेपची कडी घेऊन वर चढले. मधे झुडपं होती, खालून वरचं नीट दिसत नव्हतं, आणि एकोणतीस वर्षांत कोणी पाहायचा प्रयत्नही केला नव्हता. काका सतरा नंबरच्या खुंटीपाशी पोचले. कडी तिच्या डोक्यावर टेकवली. मग उचलली. मग ते पाच पावलं खाली उतरले, पावलाला पाऊल लावून, म्हणजे जवळजवळ पाच फूट. ओल्या मातीत कडी दाबली. दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं.

"काका!" खालून हाक आली. "झोपलात का?"

काकांनी डोळे मिटले आणि ओरडले, "शून्य!"

 खालून साहेबांचा आवाज आला, चिरका. "परत धरा!"

"शून्य!" दुसऱ्यांदा ते सोपं गेलं, आणि त्याचंच काकांना जास्त वाईट वाटलं.

अठ्ठावीस फूट. आठ दिवसांत पाच फूट! साहेबांनी भिंतीला हात लावून पाहिला, जणू ती गरम झाली असेल. मग ते चार पावलं मागे सरले, आणखी चार सरले, आणि टेप तसाच टाकून विभागाकडे धावत सुटले. विभागात हलकल्लोळ झाला. चार वर्षांत सात फूट ही चाल एक वेळ समजून घेता येते, पण आता शाळा पळत सुटली होती. या वेगानं ती दीड महिन्यात टेकडीत घुसेल, असा हिशेब कोणीतरी फळ्यावर करून दाखवला. मग कोणाला तरी नियम सापडला की चालत्या वाहनात मुलांना दप्तर उघडून बसवू नये. चालती इमारत वाहनात मोडते की नाही यावर दुपारभर वाद झाला, आणि दिवे लागायच्या आत हुकूम निघाला: शाळा थांबेपर्यंत एकही मूल आत बसवू नये, आणि मागे तर मुळीच उभं करू नये.

दुसऱ्या दिवसापासून शाळा वाचनालयाच्या मोठ्या खोलीत भरू लागली. वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी कुरकूर केली आणि दोन दिवसांनी तेच पाढे म्हणून घ्यायला लागले. नातीनं घरी येऊन तक्रार केली, "तिथली भिंत ढकलू देत नाहीत." काकांनी तिला उचलून इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

पण काका काही सुखात नव्हते. चहा कडू लागायचा. रस्त्यात मोजणीसाहेब दिसले की ते बोळात शिरायचे. एकोणतीस वर्षं माणसाकडे एकच वस्तू असावी आणि तीही त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं मोडावी, असं त्यांना झालं होतं.

दहा-बारा दिवसांनी साहेबच त्यांच्या घरी आले. बाहेर धो धो पाऊस होता, छत्री असूनही ते निथळत होते. काकूंनी खुर्ची पुसून दिली, पण ते बसले नाहीत.

"काका, मी काल एकटाच गेलो होतो. कडी खुंटीला सुतळीनं बांधली आणि मोजलं. साडेबत्तीस आलं."

काकांनी त्यांची छत्री घेऊन कोपऱ्यात उभी केली.

"शाळा पाच फूट पुढे जाऊन साडेचार फूट मागे येत नाही, काका. मी पुस्तिका पूर्ण वाचली. तसं कुठंच नाही." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "शून्य कुठं धरलं होतं?"

"चौकशीत सांगतो, साहेब," काका म्हणाले. चौकशी लागणार हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी काकूंनी समजूत घातली. निवृत्तीला पाच महिने उरले होते. "डोळ्यांना दिसलं नाही म्हणा. पाय घसरला म्हणा. चूक कोणाच्याही हातून होते. मुद्दाम केलं म्हणालात तर घरी बसवतील, निवृत्तिवेतनावरही पाणी सोडा."

"चूक म्हणालो तर हुकूमच चुकीचा ठरतो. मग पोरं परत त्या खोलीत."

काकू बराच वेळ भांडी घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौकशीला तो निळा शर्ट घाला. त्याची कॉलर बरी आहे."

चौकशी जागेवर व्हायला हवी, असा नियम होता, म्हणून ती बालवर्गाच्या खोलीत ठेवली. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. खोलीत जाणारे फक्त चौघं: चौकशीसाहेब, मोजणीसाहेब, मोठ्या बाई आणि शून्यकाका. बाकं छोटी, वीतभर उंचीची, पुढे फळी जोडलेली. बालवर्गाला वाचता येत नाही म्हणून प्रत्येक जागेवर नावाऐवजी चित्र चिकटवलेलं होतं: छत्री, ससा, बादली, घुबड. चौकशीसाहेब देहानं भरभक्कम होते. ते सशावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांशी आले. पण आवाजातला रुबाब त्यांनी सोडला नाही. खिडकीशेजारच्या पहिल्या बाकावर बदक होतं. ती जागा नातीची, हे काकांना माहीत होतं, म्हणून ते तिथं बसले नाहीत. उभे राहिले.

"एकच प्रश्न," चौकशीसाहेब म्हणाले. "शून्य खुंटीवर नव्हतं, हे सिद्ध झालंय. चूक, की मुद्दाम?"

मोजणीसाहेब काकांकडे टक लावून पाहत होते आणि ओठांनी, आवाज न करता, चूक, चूक असं सांगत होते.

"मुद्दाम," काका म्हणाले.

"का?"

"कारण शाळा नाही चालत, साहेब. खुंटी खाली येतेय. माती तिला घेऊन येतेय, आणि सगळी मिळून याच खोलीवर येणार आहे. चार वर्षं मी तिच्याशेजारी बसतोय. पोरं बाहेर निघावीत म्हणून मी खोटं बोललो. आयुष्यात एकदाच बोललो. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण पोरांना इथं परत आणू नका."

मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना एकदम ती रांग आठवली असावी.

चौकशीसाहेबांनी मात्र चष्मा वर केला आणि मोजणीसाहेबांकडून पुस्तिका मागून घेतली. "भावना मी समजू शकतो. पण कलम चार स्पष्ट आहे. खुंटी हलत नाही. म्हणजे तुमचं म्हणणं असत्य, तुमचं मोजमाप असत्य, आणि त्यावर काढलेला हुकूम आपोआप रद्द. बाई, उद्या सकाळी सातला शाळा इथंच भरवा."

"साहेब, पाया पडतो," काका म्हणाले आणि खरंच वाकले. वाकले म्हणून त्यांना जमीन दिसली. भिंतीच्या बुडातून लाल पाण्याचा ओघळ आत येत होता आणि सशाखालून चौकशीसाहेबांच्या बुटांकडे निघाला होता.

"बाहेर व्हा," काका म्हणाले. मग ते शून्य ओरडायचे त्या आवाजात ओरडले, "बाहेर व्हा!"

त्या आवाजापुढे पुस्तिकेचं काही चाललं नाही. बाई आधी निघाल्या. चौकशीसाहेब बाकात अडकले होते. काकांनी आणि मोजणीसाहेबांनी त्यांना बाकासकट उचललं आणि व्हरांड्यात नेऊन ठेवलं. मागे काहीतरी मोठं, मऊ आणि जड असं कण्हलं. खिडकीचे गज आत वाकले, वाकून सुटले, आणि टेकडी खोलीत आली. धावत नाही, सावकाश आली. आधी पातळ चिखल, मग घट्ट, मग मुळांसकट ढेकळं. सुटी बाकं ढकलत, एकमेकांवर चढवत ती फळ्यापर्यंत गेली आणि थांबली. आणि खिडकीतून, अगदी सरळ उभी, लाल डोक्याची, पोटावर सतरा नंबर मिरवत विभागाची खुंटी आत आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

 चौकशीसाहेब अजून सशाच्या बाकातच होते आणि पुस्तिका त्यांच्या हातात चौथ्या कलमावर उघडी होती.

"ही आपलीच का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आपलीच, साहेब," काका म्हणाले.

मोजणीसाहेब तरुण होते, त्यांना अजून नोकरी करायची होती. त्यांनी घसा साफ केला. "खुंटी हलली नाही, साहेब. टेकडी हलली. खुंटी तिच्यात नुसती उभी होती."

चौकशीसाहेबांनी यावर बराच विचार केला. "मग कलमाला धक्का लागत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मोठ्या बाई मात्र भिंतीला टेकून खाली बसल्या आणि आपल्याच उघड्या तळहातांकडे पाहत राहिल्या.

"पंचनामा करावा लागेल," चौकशीसाहेब म्हणाले. "आत माल किती खोल भरलाय ते मोजा. बाकागणिक."

काका टेप घेऊन आत गेले. दाराशीच चिखल पोटऱ्यांना ओढत होता. बरीच बाकं एकमेकांवर चढली होती, पण भिंतीला ठोकलेलं पहिलं बाक पायाला जागेवरच लागलं. त्याच्याशेजारी काका कमरेपर्यंत चिखलात उभे राहिले. टेपचं एक टोक पायानं खाली जमिनीला टेकवलं, दुसरं वर ओढून चिखलाच्या कडेशी धरलं. धरणारा आणि वाचणारा आता एकच होता.

"किती?" दारातून मोजणीसाहेबांनी विचारलं. त्यांचं पेन तयार होतं.

"खिडकीजवळचं पहिलं बाक. तीन फूट सहा इंच."

साहेबांनी लिहिलं. "पुढचं?"

काका हलले नाहीत.

"काका, पुढचं बाक?"

"साहेब," काका म्हणाले, "आमची नात तीन फूट एक इंच आहे. गेल्या महिन्यात मीच मोजली, दाराच्या चौकटीला उभी करून. टाचा वर करते, म्हणून दोनदा मोजली."

व्हरांड्यात पागोळ्यांचा आवाज येत होता. मोजणीसाहेबांनी पेन खाली केलं, पुन्हा वर घेतलं. हा आकडा लिहायला नोंदवहीत रकाना नव्हता. मग त्यांनी वही भिंतीला टेकवली, आणि तो समासात लिहिला.